माग बंद झाल्यावरचा सूर

अर्जाच्या आरंभी अर्जदाराचे नाव, वय, धंदा आणि राहण्याचे ठिकाण लिहावे लागते. इतरांच्या बाबतीत या चार गोष्टी मी अर्ध्या मिनिटात उरकतो. मास्तरांच्या बाबतीत ‘धंदा’ या एका शब्दापाशी आमची सबंध सकाळ गेली.

“बँडमास्तर असे लिहितो,” मी म्हणालो.

“न्हाई. ते लग्नापुरतं.”

“मग वादक?”

“मी वाजवतो कुटं? वाजवणारे वाजवतेत. मी नुस्ता हात करतो.”

“अहो मास्तर, काहीतरी लिहावे लागेल. जागा मोकळी सोडली तर अर्ज परत येतो.”

त्यांनी पुष्कळ वेळ विचार केला. मग माझ्या दौतीवर नखाने एकदा टिचकी मारली, तिचा आवाज विरेपर्यंत थांबले आणि म्हणाले, “ऐकणारा, असं लिवा.”

मी ‘बँडमास्तर’ असे लिहिले.

मी अर्जनवीस आहे. सोलापुरात कचेरीच्या आवारात, कडुनिंबाखाली माझे मेज असते. शिक्षण म्हणाल तर व्हर्नाक्युलर फायनलच्या वर्गापर्यंत झाले. परीक्षेस बसता आले नाही, त्याची कारणे घरगुती होती. परंतु माझ्या अर्जाची भाषा पाहून एका नव्या मामलेदारांनी, ‘हा मनुष्य वकिली का करीत नाही,’ असे आपल्या शिरस्तेदारांस विचारले होते आणि ती गोष्ट जुने कारकून अद्याप सांगतात. हे मी मोठेपणासाठी नमूद करीत नाही. पुढे जे घडले ते माझ्या भाषेमुळे घडले. तेव्हा त्या भाषेची योग्यता आधी सांगून ठेवणे मला आवश्यक वाटते.

मास्तरांचे नाव मी येथे लिहीत नाही. ज्यांनी त्यांना पाहिले आहे त्यांना ते लागणार नाही. चौकाचौकांत त्यांना ‘मास्तर’ एवढेच म्हणत. लाल बनातीचा कोट, खांद्यांवर पिवळी झालर, छातीवर पितळी गुंड्यांच्या दोन ओळी, आणि खाली धोतर. हा पोषाख वरातीपुरता असेल असे कोणास वाटेल. परंतु मास्तर तो कोट वैशाखातही उतरवीत नसत. सोलापूरचा वैशाख ज्याने सोसला आहे त्याला या वाक्याचा अर्थ कळेल. एकदा मी विचारले, तेव्हा म्हणाले, “कोट काढला की लोक माझ्यासंगं बोलायला लागतेत.”

तरुणपणी ते गिरणीत मागावर होते. माणसाला वेड लागेल असा तो आवाज. हजार माग एका छपराखाली खडखडत असताना कोणाचे कोणास ऐकू येत नाही. म्हणून विणाईखात्यातले लोक आवाज न काढता नुसते ओठ हलवून आणि बोटांच्या खुणा करून बोलतात. पाणी हवे, धागा तुटला, जॉबर म्हणजे मुकादम येतो आहे, किती वाजले, हे सारे ओठांवर. हे लोक घरी आले तरी समोरच्याच्या डोळ्यांकडे न बघता तोंडाकडे बघून बोलतात, हे गिरणगावात राहणाऱ्या कोणीही पाहिले असेल. मास्तरही तसेच बघत. प्रथम मला वाटले, माझ्या दातांत काही अडकले असावे.

गिरणी सोडून त्यांनी बँड काढला. त्यांच्या बँडची ग्रामोफोनची एक छोटी तबकडी मुंबईच्या एका कंपनीने काढली होती. एका बाजूस वरात दारी येतानाची धून, दुसऱ्या बाजूस हळदीची. ती तबकडी त्या काळी इतकी चालली, की मंडपवाल्यांच्या कर्ण्यातून, चहाच्या हॉटेलांतून, यात्रेतल्या पाळण्यापाशी, जिकडेतिकडे तीच ऐकू येई. नवी पेठेतल्या ज्या दुकानदाराकडे कंपनीची विक्री होती, त्याने मास्तरांचा कोटातला फोटो काचेत लावला होता. मास्तर त्या दुकानावरून जाताना रस्ता ओलांडून पलीकडून जात.

“का हो? स्वतःची तबकडी ऐकावीशी वाटत नाही?”

“त्यात ऐकण्याजोगं हाय काय? लग्न तर सगळ्यांचीच होतेत की.”

लोक त्यांना विक्षिप्त म्हणत, त्याला कारणेही होती. बरीच वर्षे आधीची एक वरात मी स्वतः पाहिली आहे. नवरदेव घोड्यावर, पुढे मास्तरांचा बँड, मित्रमंडळी सिनेमातल्या गाण्यावर नाचण्यात रंगलेली. तेवढ्यात गिरणीचा भोंगा झाला. मास्तरांनी हात वर केला. बँड थांबला. मास्तरांनी क्लॅरिनेटवाल्या हुसेनभाईंकडे बोट केले आणि हुसेनभाईंनी भोंग्याचा सूर नेमका पकडून लांबवला. मग पितळी कर्णे वाजले, मग ढोल. भर रस्त्यात सारा बँड भोंग्याबरोबर एकच सूर ओरडू लागला. घोडा बिथरला. नवरदेवाने घोड्याच्या मानेस मिठी मारली.

मुलीचे वडील धावत आले. “ओ मास्तर! वरात हाय का काय हाय बे हे?”

“भोंगा संपू द्या,” मास्तर शांतपणे म्हणाले.

“माझा जावई पडंल की खाली!”

“पडत न्हाई. घोड्याला सूर कळलाय. तुमालाच कळंना.”

भोंगा संपला, त्यांनी हात खाली केला आणि सिनेमातले गाणे जेथे तुटले होते तेथूनच पुढे सुरू झाले. त्या दिवशी पाहुण्यांनी त्यांना शिव्या घातल्या. परंतु परतताना मास्तर मला म्हणाले, की दोन गिरण्यांचे भोंगे एका सुरात नाहीत, दोहोंत केसाएवढे अंतर आहे, आणि दोन्ही एकदम झाले की त्या अंतरात काहीतरी थरथरते. “ऐकलं का तुमी?” मी ऐकले नव्हते. एवढ्या बारीक कानाचा मनुष्य मी दुसरा पाहिला नाही, हे येथे मुद्दाम नमूद करतो.

त्यांच्या कानाची बातमी मला कशी कळली, ते आता सांगतो.

कचेरीसमोरच्या हॉटेलात आम्ही रोज दुपारी चहा घेत असू. मास्तर कपावर चमचा वाजवून पाहत आणि आवडला नाही तर कप बदलून मागत; हॉटेलवाला त्यांना दिसताच म्हणे, “या मास्तर, आज सगळी भांडी सुरात घासल्यात.” एके दिवशी आम्ही बसलो असता भोंगा झाला. टेबलावरची बशी थरथरली. मास्तर चहा पीत होते. चार घोट घेऊन झाल्यावर रस्त्यावरून सायकलींची झुंबड निघालेली त्यांना दिसली, आणि त्यांनी कप खाली ठेवला.

“वाजला?” त्यांनी विचारले.

ते माझ्या तोंडाकडे पाहत होते, आणि तोंडावर जे दिसले ते त्यांना पुरेसे होते.

“दोन वर्षं झाली,” ते म्हणाले. “वरचे सूर आधी गेले. मग भोंगा. आता तुमी बोलता ते मी बघतो, ऐकत न्हाई. हुसेनभाईला ठावं हाय, नरसय्याला ठावं हाय. तिसरे तुमी. चौथा कोण व्हायला नको, रायटर.”

“डॉक्टर...?”

“डॉक्टर म्हणतो, मागावर गेले कान. पन एक शिल्लक हाय.” त्यांनी आपल्या उजव्या कानाच्या पाळीस हात लावला. “हितं एक सूर वाजतो. बारीक. दिवसरात. गिरणीत पाळी सुटल्यावर वाजायचा, तवा वाटायचं, घरी जाऊन निजलं की जाईल. तो ऱ्हायला, बाकीचं गेलं.”

बँडमास्तर बहिरा झाला हे कळल्यास त्याला वरात कोण देईल, हे मला सांगण्याची गरज नव्हती. मी शब्द दिला.

त्याच सुमारास त्यांनी नव्या तबकडीचे मनात घेतले. ज्या बँडची पहिली तबकडी घरोघर वाजली, त्या बँडने दुसरी काढावी यात नवल नव्हते. नवल होते ते तिच्यात काय असणार याचे. एका रविवारी दुपारी त्यांनी मला गिरणीच्या चाळीमागच्या रिकाम्या गोदामात नेले. वाजवणारे तिघे. हुसेनभाई क्लॅरिनेट घेऊन. त्यांचा पुतण्या ढोलावर. आणि तिसरा नरसय्या, जो अजून मागावर होता, त्याच्यापुढे एक लाकडी फळी, मागावरचा एक जुना धोटा, पत्र्याचा डबा आणि बाजूस बाजाची पेटी.

हुसेनभाई मला पाहून हसले. “रायटरसाब आये. अब लिख लो, मास्टर मेरे कू साँस लेने नै देते.”

“तुझी साँस नरसय्या घेईल,” मास्तर म्हणाले. “तू सूर सोडू नको.”

मग त्यांनी हात वर केला.

मी जे ऐकले त्याचे वर्णन करण्याची माझ्या भाषेला सवय नाही. नरसय्याने धोटा फळीवर आपटण्यास सुरुवात केली, मागाच्या चालीने, खट्-खटाक्, खट्-खटाक्. ढोल त्यात शिरला, परंतु त्याची चाल निराळी. शेजारशेजारचे दोन माग कधीच जुळून चालत नाहीत, तसा. पत्रा वाजू लागला. आवाज इतका वाढला की छपरातून धूळ खाली आली. आणि त्या गदारोळात नरसय्या बोलू लागला. गात नव्हता, सपाट, कोरड्या आवाजात बोलत होता. “पानी दे. धागा तुटला. जॉबर आला. किती वाजले. पानी दे. धागा तुटला.” विणाईखात्यात जे बोलणे वर्षानुवर्षे फक्त ओठांवर होत आले होते, ते तेथे मी प्रथम कानांनी ऐकले.

मग मास्तरांनी मूठ मिटली. सारे एकदम बंद झाले. आणि त्या रिकाम्या झालेल्या जागेत हुसेनभाईंचा एकच सूर राहिला. सुईसारखा बारीक. तो वर जाईना, खाली येईना. त्यांचा दम संपत आला तेव्हा नरसय्याने बाजाच्या पेटीवर तोच सूर उचलला आणि हुसेनभाईंनी श्वास घेतला, पुन्हा क्लॅरिनेट. असे किती वेळ चालले ते मला सांगता येणार नाही. माझे दात शिवशिवू लागले. मला उठून जावेसे वाटत होते. मास्तर भिंतीशी पाठ लावून, डोळे मिटून उभे होते, आणि त्यांचे तळवे भिंतीवर टेकलेले होते.

“एका बाजूला माग चालू,” ते नंतर म्हणाले, “दुसऱ्या बाजूला माग बंद. तबकडीला दोनच बाजू असतेत. बरं झालं.”

“मास्तर, याला गाणे कोण म्हणेल?”

“कुणी म्हणू ने. हे लोकांच्या कानात हायेच. बाहेरनं एकदा ऐकलं म्हंजे त्यांना कळंल, की आपन एकटंच न्हाई.”

नरसय्या डबा पुसत म्हणाला, “माझ्या बायकोला मी सांगितलं, कानात वाजतं. ती म्हणली, भूत लागलंय, अंगारा लाव. आता तिला तबकडी ऐकवणार मी. हे घे, हे तुझं भूत.”

सगळे हसले. मास्तर एक क्षण उशिरा हसले, कारण ते नरसय्याच्या तोंडाकडे पाहत नव्हते आणि हुसेनभाईंनी त्यांना खुणेने सांगितले.

“कान पुरते जायच्या आत झालं पायजे,” मास्तर मला परतीच्या वाटेवर म्हणाले. “आत्ता भिंतीला टेकलं की हुसेनभाईचा सूर थोडका कानात येतो, तो आन माझा सूर, दोन्ही ताडून बघता येतेत. नंतर नुस्ता माझाच ऱ्हाईल. मग ते बरोबर उतरलं का न्हाई, कुणाला इचारू?”

कंपनीचा माणूस पूर्वी एकदा विक्रीच्या कामाने आला असता मास्तरांनी त्यास या नव्या रचनेविषयी सांगितले होते, आणि सर्व तपशील लेखी पाठवा, असे तो म्हणाला होता. म्हणून मास्तर माझ्या मेजापाशी आले. मास्तर अक्कलकोटकडचे, शाळा कानडीत झालेली. मराठी बोलत आमच्यासारखेच, परंतु मराठी हस्ताक्षर, त्यातून माझे वळणदार, त्यांना वाचता येत नसे. सही कानडीत करीत.

लिहिण्यास तीन दिवस लागले. ते सांगत त्यातले पुष्कळसे कागदावर घेण्याजोगे नव्हते. “लिवा, माग बंद झाल्यावर कानात जे ऱ्हातं ते.” मी लिहिले: ‘क्लॅरिनेट या वाद्यावर प्रदीर्घ एकसुरी वादन.’ “लिवा, जे बोलनं कुनी कदी ऐकलं न्हाई ते.” मी लिहिले: ‘मधून मधून गिरणी कामगारांच्या तोंडचे उद्गार.’ मला ते भाषांतर उत्तम वाटत होते. कार्यालयात बसलेल्या मनुष्याला कानातल्या गोष्टी सांगून काय उपयोग?

आता त्या परिच्छेदाकडे येतो.

अर्जाला दोन अंगे असतात. मागणे हे एक, आणि कणव हे दुसरे. विधवेचा अर्ज असो की विहिरीचा, अर्जदाराची दीन स्थिती दर्शविणारा एक परिच्छेद मागण्याच्या आधी यावाच लागतो. माझ्या हातून त्या परिच्छेदावाचून एकही अर्ज गेलेला नाही. अर्जदाराकडे सांगण्याजोगी दैना नसली तर मी ती शोधून काढतो. तेच माझे कसब आहे. मास्तरांच्या अर्जात मागणे होते आणि मागण्यापाठीमागे काही नव्हते. ही असली रचना केवळ तिच्या गुणावर कोणी तबकडीवर घेईल, असे मला क्षणभरही वाटले नाही. मला ती सोसवलीही नव्हती, तर दुसऱ्यास काय सोसवेल? मास्तरांचे काम व्हावे अशी माझी मनापासून इच्छा होती. आणि त्यांच्याजवळ दैना होती. खरी होती. शोधण्याचीही आवश्यकता नव्हती.

तिसऱ्या दिवशी, ते चहास गेले असताना, मी लिहिले: ‘अर्जदाराची श्रवणशक्ती दिवसेंदिवस लयास चालली असून, ती सर्वस्वी नष्ट होण्यापूर्वी त्याच्या जीवनातील ही अंतिम इच्छा पूर्ण व्हावी, अशी दीनवाणी प्रार्थना आहे.’ वाक्य उतरले तेव्हा मी लेखणी पुसून बाजूस ठेवली आणि ते पुन्हा वाचले. असे वाक्य माझ्या हातून वर्षात एखादेच उतरते. मुंबईत कोणीतरी ते वाचील आणि त्याचा कंठ दाटून येईल, असे मला वाटले.

आमच्या धंद्याचा एक नियम आहे. ज्याला वाचता येत नाही त्याला संपूर्ण अर्ज मोठ्याने वाचून दाखवायचा, त्याने होकार दिला की सही घ्यायची, आणि खाली तसा शेरा लिहायचा. मास्तर समोरच्या बाकावर बसले. मी वाचू लागलो. ते माझ्या ओठांकडे पाहत होते, मान डोलवीत होते. वाद्यांच्या यादीत ‘धोटा’ हा शब्द आला तेव्हा हसले. तो परिच्छेद आला. मी कागद वर उचलून तोंडासमोर धरला आणि तेवढा भाग वाचून कागद पुन्हा खाली घेतला.

ऊन डोळ्यांवर येते म्हणून कागद वर धरावा लागतो, असे मी पुढे स्वतःस अनेकदा सांगितले आहे. निंबाखाली त्या वेळेस ऊन नसते.

“झालं?” मास्तरांनी विचारले.

“झाले.”

“मधी काय तरी होतं की.”

“मायना आहे. नेहमीचा.”

त्यांनी सही केली. ठळक, गोल, कानडी सही. शेवटच्या अक्षराखाली एक रेघ, क्लॅरिनेटच्या सुरासारखी लांब. मी खाली शेरा लिहिला आणि अर्ज त्याच दिवशी रवाना केला.

उत्तर यायला फार दिवस लागले नाहीत. मास्तर ते न उघडता माझ्याकडे घेऊन आले. कोटाच्या गुंड्या चकचकीत पुसलेल्या होत्या. बरोबर हुसेनभाई होते, नरसय्या होता. नरसय्या पाळी बुडवून आला होता.

“वाचा, रायटरसाब,” हुसेनभाई म्हणाले. “बंबई कब जाना है, वोइच पैले बोलो.”

मी पत्र फोडले आणि आधी मनाशी वाचले. छापील कागदावर पाचसहा ओळी होत्या. आपल्या नव्या रचनेविषयी ध्वनिमुद्रण विभागास विशेष उत्सुकता होती व त्याकरिता तारीखही निश्चित करण्यात येत होती. तथापि, अर्जात नमूद केल्याप्रमाणे बँडमास्तरांची श्रवणशक्ती क्षीण झाली असल्याने ध्वनिमुद्रणाची जबाबदारी त्यांजवर सोपविणे कंपनीस प्रशस्त वाटत नाही. कंपनीची त्यांच्या प्रकृतीविषयी सहानुभूती आहे. याची प्रत विक्रेत्यांकडे रवाना.

तारीख निश्चित करण्यात येत होती. त्या एका वाक्यावरून माझी नजर हलेना. त्यांना ते हवे होते. कणवेवाचून, त्या रचनेच्या गुणावर.

“वाचा की,” मास्तर म्हणाले.

मी वाचू लागलो आणि वाचता वाचता माझा हात आपोआप वर गेला. मास्तर बाकावरून उठले. त्यांनी दोन बोटे कागदाच्या वरच्या कडेवर ठेवली आणि तो खाली दाबला, इतका सावकाश, की जणू ढोलकऱ्याला आवाज कमी करण्यास सांगत होते.

“खाली धरा, रायटर.”

मी कागद खाली धरून वाचले. प्रत्येक शब्द. ‘अर्जात नमूद केल्याप्रमाणे’ येथे त्यांनी मला थांबवले.

“परत.”

मी परत वाचले.

हुसेनभाईंनी आकाशाकडे पाहिले. नरसय्या तेलुगूत काहीतरी पुटपुटला. मास्तर माझ्या तोंडाकडे पाहत राहिले. मी वाचणे थांबवले होते तरी पाहत राहिले, जसे काही अजून बोलणे बाकी होते. होतेही.

शेवटी ते म्हणाले, “मायना होता, म्हणला तुमी.”

एवढेच. शिवी दिली असती तर मी ती घेतली असती.

नवी पेठेतल्या दुकानदाराकडे प्रत गेलीच होती, माझ्या अर्जाच्या नकलेसह. तो वाईट मनुष्य नव्हता. त्याने केवळ हळहळ म्हणून चार गिऱ्हाइकांना ते दीनवाणे वाक्य वाचून दाखविले. त्या हंगामात मास्तरांना दोनच वराती मिळाल्या. पैकी एकीत मी होतो. नवरदेवाचे मित्र त्यांच्या कानापाशी तोंड नेऊन ओरडत होते, “ओ मास्तर, जोरात वाजवा की बे! तुमाला ऐकू आलं पायजे!” आणि खिदळत होते. मास्तर हात करीत राहिले. मध्येच भोंगा झाला. हुसेनभाईंनी त्यांच्याकडे पाहिले, क्लॅरिनेट ओठांपाशी धरून वाट पाहिली. मास्तरांचा हात सिनेमातल्या गाण्याची चाल देत राहिला. हुसेनभाईंनी भोंगा जाऊ दिला.

पुढे हुसेनभाई दुसऱ्या बँडात गेले. दुकानातला फोटो निघाला. नरसय्या मला रस्त्यात भेटला की मान वळवी, एकदाच जवळ येऊन म्हणाला, “रायटर, माझी बायकू अजून अंगारा लावती.” आणि निघून गेला. ते गोदाम गिरणीने सुताच्या पेट्यांनी भरून टाकले. त्या रविवारी ज्यांनी ती रचना ऐकली, त्यांत वाजवणारे सोडले तर मी एकटा होतो. ज्याला ती सहन झाली नाही, असा एकटा श्रोता.

दोन वर्षांनी मास्तर पुन्हा माझ्या मेजापाशी आले. अंगात कोट नव्हता. साध्या सदऱ्यात त्यांना मी प्रथमच पाहत होतो. ते एवढे लहान असतील अशी माझी कल्पना नव्हती.

“अर्ज पायजे,” ते म्हणाले. आवाज फार मोठा होता. स्वतःचा आवाज ऐकू येत नसणाऱ्याचा. आजूबाजूचे लोक वळून पाहू लागले. “मोठ्या दवाखान्याला. कानाचं यंत्र देतेत म्हणं. पोरगी मागं लागलीया. मी म्हणलं, त्या यंत्रात शिट्टी वाजती म्हणं. ती तर आत्ताच वाजतीया.”

मी हातांनी, ओठांनी, बसा म्हटले. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिले नाही. मी कागद घेतला. नाव, वय. ‘धंदा’ येथे मी लेखणी थांबवली आणि तो शब्द त्यांच्यापुढे बोटाने दाखवला. तेवढा शब्द त्यांना ओळखता आला असावा.

“निरंक लिवा,” ते म्हणाले. “आन ते तुमचं वाक्य घाला. दीनवाणी. लई चांगलं लिवता तुमी.”

त्या बोलण्यात टोमणा होता की नाही हे मला आजवर ठरवता आलेले नाही. मी वाक्य घातले. सबंध अर्ज लिहून झाल्यावर मी तो मेजावर सपाट ठेवला, दोन्ही हात बाजूस घेतले, मान पुढे काढली आणि तोंड उघडून, एकेक अक्षर ओठांवर आणून, सावकाश वाचू लागलो. आवारातले लोक माझ्याकडे बघत होते. मास्तर बघत नव्हते. त्यांनी मान वळवली होती. कचेरीच्या भिंतीपलीकडे गिरणीचे धुराडे दिसते तिकडे ते पाहत होते. मी वाचत गेलो. एकदाही त्यांनी माझ्या ओठांकडे दृष्टी टाकली नाही. माझा आवाज थांबलेला त्यांना कळला नाही. मी लेखणी पुढे केली तेव्हा कळले. त्यांनी सही केली. शेवटच्या अक्षराखाली रेघ नव्हती.

ते गेल्यावर मी खालचा शेरा लिहावयास घेतला. तो मी आजपर्यंत इतक्या वेळा लिहिला आहे की हात आपोआप चालतो: ‘सदर अर्ज अर्जदारास वाचून दाखविला, त्याने तो ऐकला व बरोबर असल्याचे सांगून सही केली.’ मास्तरांच्या दोन्ही अर्जांच्या नकला माझ्या ट्रंकेत आहेत, आणि दोन्हींखाली माझ्या हातचे हे वाक्य आहे. त्यातली सही तेवढी खरी आहे.